दुष्काळातला सालगडी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





१९७५ साली आपण या शाळेतून बाहेर पडलो. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकदमच बोर्डाच्या परीक्षेला बसल्या. त्यामुळे आज या मांडवात थोरले आणि धाकटे दोघेही आहेत, आणि कोणी कोणाला 'अरे' म्हणायचे यावर सकाळी चहाच्या वेळीच वाद झाला. तो लगेच मिटलाही, कारण केस सगळ्यांचेच सारखे पांढरे. तेव्हा आपण अहमदनगरचे होतो, आता अहिल्यानगरचे आहोत. पण कोणी गाव विचारले की तोंडातून 'नगर' हेच बाहेर पडते.

संयोजकांनी विषय वाटून दिले तेव्हा डॉक्टर झालेल्याला मधुमेह दिला, बँकेतून निवृत्त झालेल्याला मृत्युपत्र दिले आणि मला दिले हे: 'सगळे संपले असे वाटते तेव्हा श्रद्धा कशी टिकते?' मी काही धर्मपंडित नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. निवृत्तीनंतर नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो आणि तिथल्या लहानशा मंडळीचा पंच म्हणून काम पाहतो. ख्रिस्ती माणूस आहे, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेबद्दलच बोलेन. पण माळकऱ्याला, नमाज पढणाऱ्याला आणि देव न मानणाऱ्यालाही त्यात आपले काही सापडेल असे वाटते.

आधी एका शब्दाबद्दल. मराठी बायबलात 'विश्वासू' हा शब्द पुष्कळदा येतो. आपल्या बोलण्यात मात्र तो देवळाच्या आधी घरादारात आणि दुकानात येतो. विश्वासू माणूस म्हणजे ज्याच्या हाती कपाटाची किल्ली देऊन खुशाल गावाला जावे तो. देवावर ज्याचा विश्वास आहे तो, आणि ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो तो, या दोघांना आपली भाषा एकाच मुळातून नाव देते. श्रद्धा टिकवणे म्हणजे मनात सदैव उमेद बाळगणे, असे पुष्कळांना वाटते. उमेद पावसासारखी असते. ती येते, जाते, आणि बोलावून येत नाही. विश्वासूपणाचे तसे नाही. ते रोजचे काम आहे आणि उमेद नसतानाही ते करता येते.

१९७२ चा दुष्काळ आपण सगळ्यांनी शाळकरी वयात पाहिला. मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, खडी फोडायला गेलेले आईबाप, हे कोणाला विसरता येईल? आमच्या वस्तीशेजारच्या एका शेतकऱ्याकडे सालगडी होता. त्याचे साल पाडव्याला ठरलेले. त्या वर्षी ना पेरणी, ना खुरपणी, ना मळणी. तरी तो रोज पहाटे उठे, बैलांना लांबच्या पाण्यावर नेई, उरलेला कडबा मोजून-मापून टाकी, ढासळलेला बांध दगड लावून सावरी, औताची दुरुस्ती करी. कोणी त्याची चेष्टा केली की म्हणे, "पाऊस पाडायचं माझ्या सालात नाय. बैल जगवायचं हाय."

मित्रांनो, मला जे सांगायचे आहे ते त्याने दोन वाक्यांत सांगून टाकले आहे. पुढे मी जे बोलणार आहे ती त्याची उदाहरणे समजा.

पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याची एक गोष्ट आहे. बाबेलच्या फौजेने यरुशलेमाला वेढा घातला होता. शहर पडणार, हे खुद्द यिर्मयाच लोकांना सांगत होता, म्हणून राजाने त्याला कोंडून ठेवले होते. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले, खरेदीखत केले आणि ते मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितले, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकावे. आता आपल्यातल्या वकिलांना आणि तलाठी भाऊसाहेबांना विचारतो, शत्रूच्या फौजा आजूबाजूला तळ देऊन बसल्या असताना तिथला सातबारा कोण आपल्या नावावर करून घेईल? पुढे यिर्मयाला मिसर देशात नेले गेले. त्या शेतातले पीक त्याने खाल्ल्याचे कुठे लिहिलेले नाही. या भूमीत पुन्हा घरे आणि मळे विकत घेतले जातील, हा देवाचा शब्द त्याच्याजवळ होता, आणि त्याच्या हाती तेव्हा एक खरेदीखत करणे एवढेच होते. तेवढे त्याने केले.

दानीएलाच्या पुस्तकात तीन तरुण आहेत. राजाच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे ते नमत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी भट्टी तापवलेली आहे. ते राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे; पण त्याने नाही सोडवले, तरीही आम्ही नमणार नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्हाला ते भट्टीतून जिवंत बाहेर आले याचीच मजा वाटायची. या वयात 'नाही सोडवले तरी' हेच शब्द कानात राहतात. भट्टीत न टिकलेली माणसेही आता पुष्कळ पाहून झाली आहेत.

आणि ज्याच्या नावाने आम्ही ख्रिस्ती म्हणवतो, त्या येशूनेही वधस्तंभावर देवाने आपल्याला का टाकले असा आक्रोश केला. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी तो आक्रोश झाकून ठेवला नाही. म्हणून ज्याला प्रार्थना करताना समोर भिंत लागते, त्याने स्वतःला नास्तिक समजू नये. तो आक्रोशही देवाला हाक मारूनच केलेला होता.

आता आपल्या नगरकडे येतो. इथल्या मंडळीचा इतिहास लोक मोठ्या दगडी चर्चांवरून मोजतात. त्याची सुरुवात फार हलाखीची आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला होता. पुष्कळ झगडून ते राहिले. तेरा वर्षे मराठीत बोलले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात खपले आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारले. मंडळीत किती माणसे आली असा हिशेब मांडला असता तर त्यांचे खाते जवळजवळ कोरेच निघाले असते. १८३१ च्या डिसेंबरात नगरला ठाणे पडले. आलेल्यांपैकी हर्वी हे पुढच्याच वर्षी पटकीने गेले. सिंथिया फेरार या बाई १८२७ साली एकट्या मुंबईत आल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. त्यांनी आयुष्य मुलींच्या शाळांत घातले. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे मनावर घेतले, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे पेरले एकीने, उगवले दुसऱ्याच्या रानात. मिशनच्या कोणत्याही रकान्यात ते पीक मोजता येणारे नव्हते. पण आज या सभेत बसलेली प्रत्येक शिकलेली मुलगी त्या पिकातली आहे.

पण परदेशातून आलेल्यांपेक्षा मला आपल्या मातीतली दोन माणसे अधिक जवळची वाटतात: नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. टिळकांच्या कविता आपण वर्गात घोकल्या आहेत, आणि 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तरी त्या घरातली ओढाताण या विषयाच्या अंगाने पुन्हा पाहावी असे वाटते.

टिळक कोकणस्थ ब्राह्मण, जन्म १८६१ सालचा. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते त्यात गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले. पत्नी आणि लहानगा दत्तू दुरावले. जातीने टाकले, मित्र पाठ फिरवून बसले. टिळक नगरला आले आणि धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीकडे, माहेरी, नाशकाला, अशा नातलगांच्या आधाराने दिवस काढीत राहिल्या. सुमारे पाच वर्षे हे चालले.

त्या पाच वर्षांत टिळकांपुढे दोन सोपे रस्ते होते. प्रायश्चित्त घेऊन परत जावे, बायको-मुलगा मिळतील. नाहीतर जुने सगळे मेले असे समजून दुसरा संसार मांडावा. त्यांनी दोन्ही केले नाही. ख्रिस्ताला सोडले नाही आणि पत्नीलाही सोडले नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटी घेत राहिले, वाट पाहत राहिले. आणि पुढे ती नगरला आली तेव्हा तिला सोवळे-ओवळे पाळता यावे म्हणून तिच्या स्वयंपाक-पाण्याची वेगळी सोय करून दिली. धर्मासाठी जातीबाहेर झालेला हा माणूस स्वतःच्या बायकोचे सोवळे जपत होता.

आता दुसरी बाजू पाहा. आम्ही ख्रिस्ती लोक ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा टिळकांच्याच निष्ठेचे गोडवे गातो. लक्ष्मीबाई त्या पाच वर्षांत कुठे होत्या? त्यांचे वय सत्तावीस. आजोबा सत्तावनच्या बंडात फासावर गेलेले, आणि त्यानंतर वडिलांनी सोवळ्याचे इतके मनावर घेतलेले, की घरात बाहेरून येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घेतला जाई. त्या घरातली ही मुलगी. नवऱ्याने धर्म सोडला, हे तिच्या दृष्टीने मरणाहून वाईट. तरी तिनेही दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या. आपल्याला खरा वाटणारा धर्म सोडला नाही, आणि नवऱ्यालाही मनातून टाकले नाही. त्या काळी तिची निष्ठा टिळकांच्या निष्ठेहून तसूभरही कमी नव्हती. दोघांचे पटत नव्हते ते जगातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीवर, आणि तरी कोणी कोणाला मोडले नाही.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला. जनावरांच्या जाती डोळ्यांना दिसतात. माणसांत तसे काही दिसत नाही. मग जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्या मागे हटल्या नाहीत. ज्यांची सावली टाळली त्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. टिळकांनी वाद घालून हे घडवले नव्हते. १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. आजूबाजूला माणसे भुकेने पडत होती, पोरे उघडी पडत होती. पुढेही टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर परक्याची मुले कायमच असत. त्यांत एक तरुण कवीही होता, आपले बालकवी ठोंबरे.

गोष्ट इथे संपवली तर ती गोड होते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. ख्रिस्ती मंडळी परक्यांच्या ओंजळीने पाणी पिते, याचे त्यांना दुःख होते. ख्रिस्ताची भक्ती या मातीतल्या टाळ-मृदंगावर झाली पाहिजे, असे ते म्हणत आणि तशी भजने रचत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असे ते स्वप्न. दोन वर्षे झाली नाहीत तोच प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. येशूच्या चरित्रावरचे 'ख्रिस्तायन' महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. तेही दहा-अकरा अध्यायांवर थांबले.

त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता तर काय दिसले असते? घर एकदा मोडून जोडलेले, आश्रम विस्कटलेला, काव्य अर्धवट. ते काव्य पुढे कोणी पूर्ण केले? ज्यांना जोडाक्षरे कधी नीट जमली नाहीत, ज्या बाप्तिस्म्याच्या नावाने एकेकाळी ऊर बडवीत होत्या, त्या लक्ष्मीबाईंनी. आणखी ६४ अध्याय रचून त्यांनी 'ख्रिस्तायन' तडीस नेले. टिळकांना हे दिसले नाही. त्यांच्या सालात जेवढे होते तेवढे त्यांनी केले. पुढचे साल दुसऱ्याचे होते.

मित्रांनो, टिळकांसारख्यांची नावे रस्त्यांना, सभागृहांना दिली जातात. नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती घराणी मात्र महार आणि मांग समाजातून आली. त्यांच्या निष्ठेची स्मृतिचित्रे कोणी लिहिली नाहीत. बाप्तिस्मा झाला तरी गावच्या विहिरीवर पाणी वरूनच ओतले जायचे. पाटलाने बलुते बंद करायचे. आणि खरे बोलायचे तर मंडळीतही जात चपला काढून आत आलीच. हे सोसूनही ती माणसे दर रविवारी बाजेवरची घोंगडी झटकून चर्चकडे निघायची.

स्वातंत्र्यानंतर निष्ठेची परीक्षा फॉर्मवरच्या रकान्यात येऊन बसली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २००४ पासून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दोन भावांची पोरे, एकच वस्ती, एकच गरिबी. रकान्यात एक शब्द वेगळा, की एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला नाही. आपल्या वर्गातल्या काही घरांनी हा रकाना भरताना रात्र रात्र जागून काढली आहे. कोणी एक लिहिले, कोणी दुसरे. पोटच्या पोराच्या शिक्षणासाठी ज्यांनी वेगळे लिहिले त्यांना मी दोष देत नाही. त्यांचाही देव त्यांना ओळखतो. पण ज्यांनी 'ख्रिस्ती' लिहिले आणि पोराला हॉटेलात कपबश्या विसळून शिकवले, त्यांचे नाव कुठल्याही स्मरणिकेत येत नाही. म्हणून आज या स्मरणिकेत ते, नाव न घेता का होईना, यावे असे मला वाटते. त्यांना कोणी सांगितले नव्हते की कायदा बदलेल. तो आजही बदललेला नाही.

आता आमच्या गावच्या मंडळीविषयी थोडे सांगतो, कारण विषय देताना संयोजकांना ते ऐकून माहीत होते. माझ्या लहानपणी तिथे चर्चमध्ये बसायला जागा नसे. बाया आत, बाप्ये ओट्यावर, पोरे खिडकीत. आज नऊ घरे आहेत. तरुण पोरे पिंपरी-चिंचवडला, चाकणला कंपन्यांत गेली. ती त्यांनी बरेच केले, शेतात काय राहिले आहे? पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला येतात, कारण त्यांच्याकडे अशी आणखी गावे आहेत. बाकीच्या रविवारी मी शास्त्र वाचतो आणि एक आजी गायने सांगतात. त्यांना अक्षर येत नाही, पण 'उपासना संगीता'तली कितीतरी गायने तोंडपाठ आहेत. कधी अकरा माणसे असतात, पावसाळ्यात कधी पाच.

गेल्या वर्षी एका तरुणाने मला सरळ विचारले, "काका, हे किती दिवस चालवणार? नगरच्या चर्चला सगळ्यांनी नावे लावून टाका ना." तो चांगला मुलगा आहे आणि त्याचे गणित बरोबर आहे. या मंडळीचे पुढे काय होईल हे मला सांगता येणार नाही. दहा वर्षांनी कदाचित त्या घंटेला दोर ओढणारा नसेल. त्याला मी म्हणालो, "आजींना नगरच्या एसटीत चढता येत नाही. त्या आहेत तोवर घंटा वाजेल. त्यानंतरचे त्यानंतर बघू." पंचांच्या बैठकीतही आम्ही तेवढेच ठरवले आहे.

तेव्हा, आशा आटते तेव्हा काय करावे? शिक्षक होतो, त्यामुळे मुद्दे काढल्याशिवाय राहवत नाही. चारच सांगतो.

पहिला मुद्दा असा, की काम लहान करावे, पण थांबवू नये. ज्या दिवशी लांब प्रार्थना होत नाही त्या दिवशी एक स्तोत्र वाचावे. तेही होत नसेल तर आजाऱ्याला डबा नेऊन द्यावा. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना हे मी काय शिकवणार? कूस बदलायची, चादर बदलायची, औषध द्यायचे. बरे वाटेल अशी आशा डॉक्टरांनी सोडलेली असते, आणि सेवा तरी चालू असते. विश्वासूपणा काय असतो ते मी पुस्तकांपेक्षा अशा घरांत जास्त पाहिले आहे.

दुसरे म्हणजे एकटे राहू नये. आपला विश्वास डळमळतो त्या दिवशी शेजारच्याच्या विश्वासावर उभे राहता येते. म्हणून पाच माणसांची का होईना, मंडळी लागते. ज्या रविवारी माझ्या तोंडून गायन निघत नाही, त्या रविवारी आजी म्हणतात.

तिसरी गोष्ट ही, की विरोध करणाऱ्याला वैरी करू नये. झगडा लांबला की माणूस कडू होतो आणि आपल्या कडूपणालाच निष्ठा समजतो. टिळकांनी बायकोचे सोवळे जपले, हे मी मघाशी मुद्दाम लांबवून सांगितले. अलीकडे आपल्या ख्रिस्ती लोकांकडे संशयाने पाहणारी नजर गावोगाव जाणवते. त्याचा त्रास होतो, भीतीही वाटते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चचे दोन पत्रे वाऱ्याने उडाले, तेव्हा शिडी घेऊन आधी आला तो शेजारचा माळकरी, आणि खिळे आणले ते मुसलमान दुकानदाराने. ती नजर खरी आहे आणि ही शिडीही खरी आहे. मी शिडी लक्षात ठेवतो.

आणि चौथे, काम अर्धवट सोडून जायची तयारी ठेवावी. आपल्या वयात हे सगळ्यात अवघड जाते. सगळे आपल्या डोळ्यांदेखत मार्गी लागावे असे वाटते, मग ते शेत असो, मुले असोत की मंडळी. यिर्मयाने खरेदीखत मडक्यात ठेवायला सांगितले. टिळकांनी अर्धे काव्य मागे ठेवले. पुढे कोण येईल हे त्यांना माहीत नव्हते. आपण जे ठेवून जातो ते नीट बांधून, पुढच्याला वाचता येईल असे ठेवावे. आमच्या आजींची गायने मी सध्या वहीत उतरवून घेतो आहे. छापील पुस्तकात नसलेल्या चाली त्यांच्याकडे आहेत, त्या नातीने मोबाईलवर घेतल्या आहेत.

यात जादू काही नाही, आणि असे केले की पाऊस पडतोच असेही मी म्हणणार नाही. ज्याने बोलावले तो खरा आहे, एवढा माझा विश्वास आहे. शेवटी फळ किती आले हे तो विचारील की नाही, मला माहीत नाही. बैल जगवले का, एवढे नक्की विचारील.

आपल्या दोन्ही तुकड्यांतले जे आज आपल्यात नाहीत, त्यांची आठवण मघाशी आपण उभे राहून केली. ज्या गुरुजनांनी आम्हाला उभे केले, त्यांच्यापैकी तिघे आज इथे आले, हे आमचे भाग्य. सर, बाई, तुम्ही पन्नास-साठ पोरांच्या वर्गात खडू झिजवला. त्यातले काय उगवेल हे तुम्हाला तरी कुठे माहीत होते?

दिवाळीनंतर आमच्या मंडळीचा कापणीचा सण असतो. कोणी ज्वारीची पायली आणतो, कोणी अंडी, कोणी कोंबडा. उपासनेनंतर ओट्यावर त्याचा लिलाव होतो आणि त्यातून चर्चचे वर्षाचे वीजबिल भागते. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी जरूर या. कोणत्याही धर्माचा माणूस बोली लावू शकतो. गेल्या खेपेला कोंबडा एका माळकऱ्यानेच सोडवला, आणि तो खात नसल्यामुळे कोंबडा अजून आमच्याच आवारात फिरतो आहे.